निमंत्रण कीं निवाडा?

मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’ या महाकाव्याच्या दुसऱ्या सर्गांत एक मोठें मार्मिक दृश्य आहे. स्वर्गांतून लोटून दिलेले देवदूत नरकांत येऊन पडले आहेत. त्यांचा नायक सैतान पृथ्वीच्या शोधार्थ निघून गेला आहे. आणि मागें राहिलेल्यांपैकीं कांहीं जण एका टेकडीवर बसून वाद करण्यांत वेळ घालवीत आहेत. वादाचा विषय कोणता? तर ईश्वरी योजना, पूर्वज्ञान, दैव आणि इच्छास्वातंत्र्य! या चक्रव्यूहांत शिरलेल्या त्या वाद्यांस बाहेर पडण्याची वाट कांहीं सांपडत नाहीं. हें दृश्य वाचून हंसणारे लोक पुष्कळ आहेत. ‘पाहा, मिल्टननेंच हा वाद नरकांतल्या रिकामटेकड्यांकडे सोंपविला आहे, शहाण्या माणसानें त्यांत पडूं नये,’ असें ते म्हणतात. परंतु हे लोक एवढें वाचूनच पुस्तक मिटतात. त्यांनीं पुढचा सर्ग उघडला असता, तर तोच विषय कवीनें खुद्द ईश्वराच्या तोंडीं घातलेला त्यांस आढळला असता. मनुष्य पडला तो आपल्या इच्छेनें पडला, उभें राहण्याचें सामर्थ्य त्याला दिलेलें होतें, असें तेथें परमेश्वर आपल्या पुत्रास सांगतो. म्हणजे रिकामपणीं चघळला असतां जो प्रश्न नरकांतला खेळ होतो, तोच मनापासून विचारला असतां सिंहासनापुढचा प्रश्न होतो, असेंच त्या कवीचें म्हणणें दिसतें. आणि आमचेंहि म्हणणें तेंच आहे.

तो प्रश्न थोडक्यांत असा: मनुष्याचें तारण कोणाच्या इच्छेनें होतें, देवाच्या कीं मनुष्याच्या? देव सर्वसत्ताधीश आहे, त्याच्या इच्छेवांचून झाडाचें पानहि हालत नाहीं, असें मानिलें तर जो तरला तो देवानें तारिला म्हणून तरला हें उघड आहे. पण मग जो बुडाला तो कोणामुळें बुडाला? उलट, तरणें न तरणें हें मनुष्याच्या होकारनकारावर ठेविलें, तर देवाची सत्ता मनुष्याच्या उंबरठ्याशीं येऊन अडली असें होतें, आणि तरलेल्या मनुष्यास ‘मी शहाणा म्हणून तरलों’ अशी फुशारकी मारावयास जागा मिळते. आम्ही ख्रिस्ती नव्हों. तेव्हां दुसऱ्याच्या घरच्या या भांडणांत आम्हीं कां पडावें, असें कोणी विचारील. पण हा प्रश्न त्या एका घरापुरता नाहीं. रामानुजीयांच्या दोन पंथांत मर्कटन्याय व मार्जारन्याय यांवरून जो वाद झाला तो आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. माकडाचें पिलूं आईच्या पोटाला आपल्या हातांनीं घट्ट धरून राहतें. मांजराच्या पिलाला कांहींच करावें लागत नाहीं, आई त्याला तोंडांत धरून नेते. भक्त हा यांपैकीं कोणाचें पिलूं, हाच तो वाद. फरक इतकाच कीं, आमच्याकडे त्या पंथभेदाची मजल टिळ्याच्या आकारावरून कज्जे लढण्यापर्यंत गेली. युरोपांत या वादाच्या गर्दींत माणसांचीं डोकीं उडालीं.

या प्रश्नास सुशिक्षित लोकांत दोन उत्तरें प्रचलित आहेत आणि आमच्या मतें तीं दोन्हीं त्याज्य आहेत. पहिलें उत्तर असें कीं, हा सारा धर्माधिकाऱ्यांचा शब्दच्छल आहे. चांगलें वागावें म्हणजे झालें. हें म्हणणारांचें आयुष्य फार सुखाचें गेलेलें असावें. ज्याला चांगलें वागावयाचें आहे पण वागवत नाहीं, दारू सोडण्याची शपथ ज्यानें दहा वेळां घेतली आणि दहा वेळां मोडली, अशा मनुष्यापुढें हें वचन उच्चारणें म्हणजे जखमेवर मीठ चोळणें आहे. माझ्या सुटकेची किल्ली माझ्या हातीं आहे कीं दुसऱ्याच्या, हा त्याच्या दृष्टीनें शब्दांचा प्रश्न नसून जगण्यामरण्याचा प्रश्न आहे. दुसरें उत्तर याहून गोड आहे. टाळी एका हातानें वाजत नाहीं. थोडें देवानें करावें, थोडें मनुष्यानें करावें. निम्में श्रेय याचें, निम्में त्याचें, म्हणजे वाद मिटला! अशा तडजोडीस आमच्या शास्त्रकारांनीं अर्धजरतीय न्याय असें नांव देऊन ठेविलें आहे. एकच बाई अर्धी म्हातारी आणि अर्धी तरुण असूं शकत नाहीं. तारण हें कांहीं भागीदारीचें दुकान नव्हे. आणि असलें, तर ज्याच्याजवळ घालावयास भांडवलच नाहीं त्यानें काय करावें? नदींत बुडणाऱ्यास काठावरून ‘अर्धें अंतर तूं पोहून ये, अर्धें मी येतों’ असें सांगणारा मनुष्य समतोल विचाराचा असेल, पण तो तारक नव्हे.

पांचव्या शतकाच्या आरंभीं पेलेजियस व ऑगस्टिन यांच्यामध्यें जो झगडा झाला त्याचें मूळ येथेंच आहे. पेलेजियस हा ब्रिटनकडून रोमला आलेला, शुद्ध आचरणाचा तपस्वी होता. देवानें आज्ञा केली त्या अर्थीं ती पाळण्याचें सामर्थ्य मनुष्याच्या ठिकाणीं असलेंच पाहिजे, असें त्याचें सरळ गणित होतें. ऑगस्टिन (३५४–४३०) याची गोष्ट वेगळी. आपली इच्छा आपल्याच विरुद्ध कशी उठते हें त्यानें तारुण्यांत स्वतः भोगलें होतें, आणि ‘कन्फेशन्स’ या आत्मचरित्रांत लिहूनहि ठेविलें होतें. म्हणून त्यानें उत्तर दिलें कीं, आज्ञा पाळण्याची इच्छाहि देवाच्या कृपेवांचून उत्पन्न होत नाहीं. ४१८ मध्यें कार्थेज येथील धर्मसभेनें पेलेजियसचें मत त्याज्य ठरविलें, तें योग्यच झालें असें आम्ही म्हणतों. परंतु उतारवयांत ऑगस्टिन येथेंच थांबला नाहीं. देवानें कांहीं ठराविक माणसें निवडलेलीं आहेत, आणि बाकीचीं नाशाच्या राशींत तशींच राहूं दिलीं आहेत, असें तो म्हणूं लागला. सर्व मनुष्यें तरावीं अशी देवाची इच्छा असल्याचें तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रांत स्पष्ट आहे. तेथें ‘सर्व’ म्हणजे सर्व प्रकारचे, असा अर्थ त्यानें लाविला! त्याच्या मागून शंभर वर्षांनीं, ५२९ मध्यें, दक्षिण फ्रान्सांतील ऑरेंज येथें भरलेल्या सभेनें आरंभ कृपेचाच असें ठरविलें. पण देवानें कोणास दुष्टतेसाठीं नेमून ठेविलें आहे असें जो मानील त्याचा धिक्कारहि केला. ही गोष्ट आम्ही मुद्दाम नमूद करितों. कृपेचा अग्रमान आणि नाशाची पूर्वयोजना या दोन गोष्टी एकमेकींस चिकटलेल्या आहेत, एक घेतली कीं दुसरी घ्यावीच लागते, असें जें पुढें हजार वर्षांनीं भासविण्यांत आलें तें खरें नाहीं.

त्या हजार वर्षांनंतर हा वाद पुन्हां पेटला. १५२४ मध्यें इरॅस्मसनें मनुष्याच्या स्वतंत्र इच्छेच्या बाजूनें एक निबंध प्रसिद्ध केला आणि दुसऱ्या वर्षीं लूथरनें त्यास उत्तर दिलें. मनुष्याची इच्छा ही ओझ्याच्या जनावरासारखी आहे. वर देव बसला तर ती देवाकडे जाते, सैतान बसला तर सैतानाकडे. स्वार निवडणें तिच्या हातीं नाहीं, हा प्रसिद्ध दृष्टान्त त्याच उत्तरांतला. इरॅस्मसची भाषा सभ्य आणि लूथरची आडदांड, म्हणून आमच्याकडील इंग्रजी वाचणारे लोक दोघांनाहि न वाचतां इरॅस्मसला विजयी ठरवितात. आम्ही तसें करणार नाहीं. लूथरच्या पुस्तकाच्या अखेरीस एक कबुली आहे, आणि तीच आमच्या विरुद्ध पक्षाचें सर्वांत बळकट शस्त्र आहे. तो म्हणतो कीं, इच्छास्वातंत्र्य कोणी देऊं केलें तरी मला तें नको. माझें तारण माझ्या हातीं राहिलें तर तें मला सांभाळतां येणार नाहीं, आणि केलें तेवढें पुरेसें झालें कीं नाहीं ही धास्ती मला जन्मभर सोडणार नाहीं. तें देवाच्या हातीं आहे म्हणूनच मी निर्धास्त आहें. हा हट्टी पंडिताचा युक्तिवाद नव्हे. ही रात्र रात्र जागलेल्या मनुष्याची हाक आहे. जो पक्ष हिला उत्तर देऊं शकत नाहीं त्यानें या वादांत उतरूंच नये.

लूथरनें जें आवेशानें म्हटलें तें कॅल्व्हिननें शास्त्र म्हणून मांडिलें. त्याच्या ‘इन्स्टिट्यूट्स’ या ग्रंथाची पहिली आवृत्ति १५३६ ची व शेवटची लॅटिन आवृत्ति १५५९ ची. कोणी अनंत जीवनासाठीं व कोणी अनंत नाशासाठीं देवाच्या संकल्पानें नेमिलेले आहेत, असा त्यांत उघड सिद्धान्त आहे. आणि हा संकल्प भयंकर आहे ही कबुलीहि त्यानेंच दिली आहे. पुढें हॉलंडांत डॉर्ट या गांवीं नोव्हेंबर १६१८ पासून मे १६१९ पर्यंत जी धर्मसभा भरली तिनें या मताला कलमवार निर्णयाचें रूप दिलें. अनेक रिफॉर्म्ड मंडळ्यांत ते निर्णय आजहि प्रमाण आहेत. त्यांचा सारांश असा: देव निवड करितो ती केवळ आपल्या मर्जीनें, अमक्याच्या ठिकाणीं पुढें विश्वास दिसेल म्हणून नव्हे, ख्रिस्ताच्या मरणाचें तारक फळ निवडलेल्यांच्याच पदरीं पडावें अशी योजना आहे, त्यांच्या ठिकाणीं कृपा आपलें काम केल्यावांचून राहत नाहीं, आणि ते शेवटपर्यंत टिकतातच.

प्रतिपक्षाचें म्हणणें विपर्यास न करितां मांडावें हा वादाचा पहिला नियम होय. म्हणून हेंहि सांगितलें पाहिजे कीं, शुभवर्तमान सर्वांस भेदभाव न करितां सांगावें असें डॉर्टच्या निर्णयांत आहे. कृपा मनुष्यास लांकूड-दगडाप्रमाणें वागवीत नाहीं, तर त्याची रोगी इच्छा बरी करिते, असेंहि आहे. परंतु या दोन वाक्यांनीं मूळची अडचण दूर होत नाहीं, उलट ती अधिक डोळ्यांत भरते. यजमानानें गांवभर आवतण पाठवावें. गांवांतील सर्वच लोक पायांनीं अधू आहेत हें त्याला ठाऊक असावें. आपण मनांत योजिलेल्या कांहीं घरांकडेच त्यानें मेणे पाठवावे. आणि संध्याकाळीं बाकीच्यांस ‘बोलावलें असतां आलां नाहीं’ म्हणून दंड करावा! तुमचे पाय तुमच्याच दोषानें मोडले, एवढें म्हटल्यानें हा दंड न्याय्य होईल. पण तें आवतण खरें होणार नाहीं. यापेक्षां आमचा मार्जारन्याय बरा. आमची मांजर निदान आपलीं सगळीं पिलें उचलते.

याच निर्णयांतील एक कलम वाचून आम्ही पुष्कळ वेळ थांबलों. देवभीरू आईबापांचें मूल तान्हेपणीं वारलें तर त्याच्या निवडीविषयीं आईबापांनीं शंका घेऊं नये, असें तें कलम आहे. तें लिहिणारांच्या मनांत दया होती यांत संशय नाहीं. त्या काळीं पाळणा रिकामा झाला नाहीं असें घर विरळा असेल. पण आईबाप देवभीरू नसतील तर? त्या पाळण्याविषयीं कलम गप्प आहे. जी दया आईबापांचा दाखला पाहून मग मुलाकडे वळते तिला अमर्याद म्हणतां येईल काय, याचा विचार ज्याचा त्यानें करावा.

या मताविरुद्ध जो उभा राहिला तो आर्मिनियस हा कॅल्व्हिनच्या मागून जिनिव्हांत पुढारी झालेल्या बेझाचाच विद्यार्थी. १६०३ पासून १६०९ मध्यें मरण येईपर्यंत तो लायडनच्या विद्यापीठांत धर्मशास्त्राचा अध्यापक होता. त्याला पेलेजियसचा चेला म्हणून हिणविण्याची चाल अजून गेलेली नाहीं. पण ती त्याचे ग्रंथ न वाचणारांची चाल आहे. पतित मनुष्य कृपेवांचून चांगली गोष्ट करूं शकत नाहीं, इच्छूंहि शकत नाहीं, हें तो निःशंकपणें सांगतो. त्याचा मतभेद इतकाच कीं, देव तारूं पाहतो तो सर्वांस, आणि त्याची कृपा नाकारतां येते. यावर प्रतिपक्षाचा आक्षेप असा कीं, नाकारतां येते म्हणजे स्वीकारणें हें मनुष्याचें कृत्य झालें, आणि तेवढें पुण्य त्याच्या पदरीं पडलेंच! त्यास आर्मिनियसनें दिलेला दृष्टान्त इतका साधा आहे कीं तो आमच्या कोणत्याहि देवळाच्या पायरीवर सुचावा. श्रीमंतानें उपाशी भिकाऱ्यास भिक्षा घातली आणि भिकाऱ्यानें ती घेण्यास हात पुढें केला. तर हात पुढें केला एवढ्यावरून ती भिक्षा दान न राहतां कमाई ठरते काय? भिकाऱ्यानें निम्में धान्य घरून आणलेलें नसतें. दान सर्वस्वीं दात्याचें असतें. नकार मात्र घेणाराचा असूं शकतो. ही निम्मेनिम तडजोड नव्हे, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें.

कोणी म्हणेल कीं, भिकाऱ्याचा हातच लुळा आहे, तो पुढें होणार कसा? बरोबर आहे, तो आधीं दात्यानेंच बरा केला पाहिजे. पण बरा झालेला हात म्हणजे काय? जो उघडतो आणि मिटतोहि, तो बरा झालेला हात. जो फक्त उघडाच राहूं शकतो त्याला एका जातीचा लुळेपणा गेला आणि दुसऱ्या जातीचा आला, एवढेंच म्हणतां येईल. डॉर्टचे पंडित म्हणतात, कृपेनें इच्छा बरी होते आणि बरी झालेली इच्छा देवाकडे वळल्यावांचून राहतच नाहीं. हें राहतच नाहीं कोठून आलें, असा आमचा त्यांस प्रश्न आहे. पुढें ते विचारतात: दोन भिकाऱ्यांपैकीं एकानें हात पुढें केला, दुसऱ्यानें केला नाहीं, या भेदाचें कारण काय? कारण भिकाऱ्यांत असेल तर पहिल्यास गर्व होईल. म्हणून तें दात्यांतच मानिलें पाहिजे. ठीक आहे, मग दुसऱ्याच्या न घेण्याचें कारणहि दात्यांतच माना. येथें मात्र ते मागें सरतात आणि म्हणतात, नकाराचा दोष केवळ मनुष्याचा! एकाच तराजूचें एक पारडें देवाच्या हातांत आणि दुसरें मनुष्याच्या गळ्यांत, हा कोठला न्याय?

देवाच्या सत्तेचें काय, असें विचारलें जाईल. नकार देतां आला तर ती सत्ता उणी पडली असें ज्यांस वाटतें त्यांनीं लूकच्या शुभवर्तमानांतील एक प्रसंग आठवावा. येशू यरुशलेमजवळ येतो आणि त्या नगराकडे पाहून रडतो. कोंबडी आपलीं पिलें पंखांखालीं घेते तसें या लोकांस जवळ घ्यावें असें त्याला कितीदां वाटलें, पण त्यांची इच्छा नव्हती, अशा अर्थाचे त्याचे उद्गार मत्तयाच्या व लूकच्या ग्रंथांत आहेत. त्यांची इच्छा नसावी असें जर त्याच्याच पित्यानें अनादि काळीं ठरविलें होतें, तर ते अश्रु कशाचे? ज्याला हे अश्रु खोटे म्हणावयाचे नाहींत, त्याला तो नकार खरा मानावाच लागेल.

आमच्या बाजूस एक अवघड गांठ आहे ती लपविणें अप्रामाणिकपणाचें होईल. कोण नाकारणार हें देवाला आधींच ठाऊक असतें असें आर्मिनियसहि मानतो. जाणणें म्हणजे घडविणें नव्हे, हें खरें. टेकडीवरून वाटसरू पाहणारा त्याला चालवीत नसतो, हें तत्त्व बोएथियसनें सहाव्या शतकांतच विशद केलें आहे. तरीहि, जो नाकारणार हें ठाऊक आहे त्याला देवानें जन्मास घातलेंच कां, हा प्रश्न शिल्लक राहतोच, आणि आर्मिनियसच्या जवळ त्याचें पुरतें उत्तर नाहीं. पण या पक्षाच्या देवाला त्या नकाराचें दुःख तरी होतें. प्रतिपक्षाच्या देवाला तो नकार आपल्या योजनेंत बसविलेला आढळतो. उत्तर न मिळणें एक आणि नको तें उत्तर पुरवून ठेवणें वेगळें.

आतां लूथरच्या धास्तीकडे येऊं. तारण देवाच्या गुप्त निवडीवर ठेविलें म्हणजे मनुष्य निर्धास्त होतो, असें म्हणतात. खरोखर होतो काय? इंग्रजी शाळेंत ‘जॉन गिल्पिन’ची फजिती वाचून ज्यांनीं हंसून घेतलें, त्यांपैकीं थोड्यांसच त्या कवितेच्या कर्त्याची हकीकत ठाऊक असेल. विल्यम कूपर (१७३१–१८००) यास १७६३ मध्यें मनाच्या व्याधीनें इतकें ग्रासलें कीं त्यानें जीव देण्याचा प्रयत्न केला. पुढें तो बरा झाला, धर्मांत त्याला शांति मिळाली, आणि ओल्नी या गांवीं जॉन न्यूटन या कॅल्व्हिनमतवादी पण अत्यंत मायाळू धर्मोपदेशकाच्या शेजारीं तो राहिला. १७७९ मध्यें निघालेल्या दोघांच्या पदसंग्रहांत कूपरचीं साठांहून अधिक पदें आहेत. त्यांतलीं कांहीं आजहि प्रार्थनामंदिरांत गाइलीं जातात. पण तो संग्रह निघण्यापूर्वींच, १७७३ मध्यें, त्याची व्याधि उलटली होती. देवानें आपला कायमचा त्याग केला आहे असें त्यास स्वप्नांत कळलें, आणि त्यानंतर सत्तावीस वर्षें, मरेपर्यंत, तें त्याच्या मनांतून गेलें नाहीं. त्यानें उपासनेस जाणें सोडलें. १७९९ मध्यें लिहिलेली त्याची शेवटची कविता जहाजावरून पडून भर समुद्रांत बुडणाऱ्या खलाशाविषयीं आहे.

या मतामुळेंच कूपर वेडा झाला असें आम्ही म्हणत नाहीं. व्याधि मताच्या आधींची होती. आमचें विचारणें इतकेंच कीं, त्या व्याधीवर या मताजवळ कोणतें औषध होतें? ‘तूं निवडलेल्यांतला आहेस’ असें स्नेह्यांनीं सांगितलें. ‘मी नाहीं’ असें कूपरनें म्हटलें. निवडीची यादी कोणींच पाहिलेली नव्हती. दोघांचेंहि अनुमान, आणि दोघांचाहि पुरावा सारखाच! आर्मिनियसच्या शिष्यानें काय सांगितलें असतें? ‘निमंत्रण सर्वांस आहे, आणि सर्वांत तूं आलासच.’ एवढ्यानें तें रोगी मन बरें झालें असतें असें वचन आम्ही देत नाहीं. पण सांगणाराला जें खरोखर ठाऊक आहे तें तरी त्यानें सांगितलें असतें. लूथरला जो निर्धास्तपणा हवा होता तो देवाच्या उघड केलेल्या स्वभावावर टेकतो, झांकून ठेविलेल्या यादीवर नव्हे. दाता चांगला आहे हें कळणें हाच भिकाऱ्याचा भरंवसा.

आणखी एक साक्ष प्रतिपक्षाच्याच घरची आहे. अठराव्या शतकांत इंग्लंडांतील कॅल्व्हिनमतवादी बॅप्टिस्टांमध्यें असे उपदेशक होते कीं, ज्यांचा पालट झालेला नाहीं अशांस ‘विश्वास ठेवा’ असें सांगणेंहि ते अयोग्य समजत. जो निवडलेला असेल त्याला देव पाहून घेईल! १७८५ मध्यें अँड्र्यू फुलर यानें याविरुद्ध पुस्तक लिहून, विश्वास ठेवणें हें ऐकणाऱ्या प्रत्येकाचें कर्तव्य आहे, म्हणून आमंत्रणहि प्रत्येकास दिलें पाहिजे, असें प्रतिपादन केलें. त्याचाच स्नेही विल्यम केरी. दूरदेशच्या लोकांकरितां मनुष्यानें खटपट केलीच पाहिजे असें त्यानें १७९२ मध्यें पुस्तिका काढून सांगितलें आणि दुसऱ्या वर्षीं तो बंगाल्यांत उतरला. श्रीरामपुरांतून १८०५ मध्यें मराठीचें व्याकरण व १८१० मध्यें मराठीचा कोश प्रसिद्ध करणारा केरी तो हाच. या दोघांनींहि निवडीवरील श्रद्धा सोडली नाहीं, हें आम्ही मान्य करितों. पण घराबाहेर पाऊल टाकण्याची वेळ येतांच त्यांस ‘सर्वांस’ हा शब्द उच्चारावा लागला. जकात चुकविण्यासाठीं रात्रभर आडवाटेनें हिंडलेला गाडीवान पहांटे नेमका जकातनाक्यापाशींच येऊन पोंचतो, अशी घट्टकुटीप्रभातन्यायाची गोष्ट आहे; ती येथें तंतोतंत लागू पडते.

शेवटीं डॉर्टच्या सभेची उरलेली हकीकत सांगितली पाहिजे. १६१० मध्यें आर्मिनियसच्या अनुयायांनीं आपलें म्हणणें पांच कलमांत सरकारापुढें मांडिलें होतें. त्यांचा पाठीराखा हॉलंडचा वृद्ध मुत्सद्दी ओल्डनबार्नेव्हेल्ट. विरुद्ध पक्षाच्या बाजूनें सेनापति मॉरिस. हा पक्षहि सत्ता हातीं असतां सर्वस्वीं सोवळा राहिला होता असें नाहीं. आणि ओल्डनबार्नेव्हेल्टवरचा खटला मुख्यतः राजकीय होता, हेंहि खरें. परंतु सभा भरण्यापूर्वींच, ऑगस्ट १६१८ मध्यें, त्यास व ह्यूगो ग्रोशियस यास मॉरिसनें कैद केलें. सभेंत आर्मिनियसपक्षाचे लोक आले ते सभासद म्हणून नव्हे, तर आरोपी म्हणून. आणि १४ जानेवारी १६१९ रोजीं अध्यक्षानें त्यांस बाहेर घालवून दिलें. ६ मे रोजीं निर्णय जाहीर झाले. १३ मे रोजीं, बरोबर एका आठवड्यानें, एकाहत्तर वर्षांच्या ओल्डनबार्नेव्हेल्टचा हेग येथें शिरच्छेद झाला. सुमारें दोनशें उपदेशकांच्या जागा गेल्या. जन्मठेप झालेला ग्रोशियस १६२१ मध्यें पुस्तकांच्या पेटींत लपून निसटला. याउलट, ज्या पोपला हे लोक ख्रिस्तद्रोही म्हणत, त्याच्या दरबारीं याच विषयावर डॉमिनिकन व जेझुइट यांचा वाद वर्षानुवर्षें चालला, आणि १६०७ मध्यें पांचव्या पॉलनें, कोणीं कोणास पाखंडी म्हणूं नये, असें बजावून दोघांसहि घरीं पाठविलें.

देव एकटाच सर्व कांहीं करितो असें ज्यांचें मत, त्यांच्या मताच्या विजयासाठीं शिपाई लागावे, हा वदतोव्याघात आम्हांस विसरतां येत नाहीं. जेथें देवालाहि नकार सोसतो असें मानिलें नाहीं, तेथें मनुष्यानें दुसऱ्याचा नकार सोसावा अशी अपेक्षा करणें कठीण जातें. पण असें होणें अटळहि नाहीं, हें इंग्लंडांतील एका जोडीनें दाखविलें आहे. १७३९ मध्यें जॉन वेस्ली यानें निवडीच्या मताविरुद्ध कडक प्रवचन केलें. त्याचा मित्र जॉर्ज व्हाइटफील्ड यानें त्याला तितक्याच कडक शब्दांत छापील उत्तर दिलें. दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या आणि मतें शेवटपर्यंत जुळलीं नाहींत. तरी १७७० मध्यें व्हाइटफील्ड वारला तेव्हां, त्याच्याच इच्छेप्रमाणें, लंडन येथें त्याच्या स्मरणार्थ प्रवचन वेस्लीनें केलें. त्या दोघांत कोणाचें मत खरें, याविषयीं आमचा निर्णय वर आलाच आहे. निमंत्रण खरें असेल तर नाकारण्याची मोकळीकहि खरी असली पाहिजे. ती काढून घेतली कीं मागें उरतो तो निवाडा. आणि निवाडा ऐकावयास बोलावलेल्या मनुष्यास, आपण जेवावयास आलों आहों, असें कोणीं सांगूं नये.